जवळचा दगड की लांबची खडी?

काँक्रीटच्या आकारमानाचा साधारण ६० ते ७५ टक्के भाग खडी आणि वाळूच व्यापतात. त्यामुळे वाहतुकीच्या खर्चात जवळच्या खाणीची खडी सरळ बाजी मारते. लांबच्या नावाजलेल्या खाणीची जमेची बाजू म्हणजे तिथले चाचणी अहवाल बहुधा तयार मिळतात.

जवळचा दगड मात्र आधी हातात घ्या. हातोडी मारली की ताजा, घट्ट दगड खणखणतो; झिजलेला बद्द वाजतो, त्याचा पिवळट-तपकिरी पापुद्रा सुटतो. पाण्याचा थेंब झटकन पिणारा दगड मिश्रणातलं पाणीही ओढतो आणि काँक्रीट ओतायला जड जातं. हे दोष निदान दिसतात तरी. खरी भीती अल्कली-सिलिका अभिक्रियेची. खडीत ओपल किंवा चर्टसारखी सिलिका (गारगोटीतही असणारा घटक, पण इथे सहज अभिक्रिया करणाऱ्या रूपात) असेल, तर सिमेंटमधल्या अल्कलीशी (सोडियम-पोटॅशियमच्या संयुगांशी) तिची अभिक्रिया होऊन चिकट, लिबलिबीत जेल तयार होतं, ओलाव्याने ते फुगतं आणि काही वर्षांनी कॉलमवर तड्यांचं जाळं उमटतं. हातोडीला हे कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं.

पाया, कॉलम, बीम यांसाठी माझा कौल चाचणीत उतरलेल्या जवळच्या दगडालाच. चाचणी करून घेणं शक्यच नसेल, तर भाडं सोसा आणि लांबची खडी आणा.