सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी फोनमध्ये कोणती अ‍ॅप्स ठेवावीत

खिरेश्वरहून तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाच्या पठारावर पोचलं की पुढे मंदिरापर्यंत एकसारख्या दिसणाऱ्या टेकाडांमधून चालावं लागतं. धुकं उतरलं की मळलेली वाट कुठली आणि ढोरवाट कुठली, हे कळेनासं होतं. फोनमधला नकाशा खरा कामाला येतो तो अशा जागी. त्याच गडाच्या नळीच्या वाटेत, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळीत, मात्र तो फारसा उपयोगी पडत नाही. कारण साधं आहे: ही अ‍ॅप्स आडवं अंतर चोख दाखवतात, उभ्या सह्याद्रीत कमी पडतात. पुढे प्रत्येक अ‍ॅप याच कसोटीवर पाहिलं आहे.

गूगल मॅप्स पायथ्याच्या गावापर्यंतच वापरा. नकाशा आधी उतरवून ठेवला तरी रेंज गेल्यावर ते चालायची वाट काढून देत नाही, गाडीरस्ताच सांगतं.

नवख्या माणसाने ऑर्गॅनिक मॅप्सपासून सुरुवात करावी. मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. माहिती ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची. घरीच वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवा आणि फोन विमान मोडवर टाकून एखादी वाट शोधून पाहा. घरात चाललं तर डोंगरावरही चालेल, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. याची अडचण वेगळी आहे. इथल्या बहुतेक पायवाटा एकाच तऱ्हेच्या तुटक रेषेने दिसतात. खांडसहून भीमाशंकरला जाणारे गणेश घाट आणि शिडी घाट घ्या. एकात निवांत चढता येतं, दुसऱ्यात शिड्या आणि निसरडे कातळटप्पे आहेत. रेषेवरून यातलं काहीच कळत नाही. त्यामुळे वाट नकाशावर सापडली तरी ती कशी आहे, हे गावात विचारूनच निघा.

ज्याला नेहमी भटकायचं आहे त्याने ओएसएमअँड शिकून घ्यावं. नकाशाची माहिती तीच, पण हाताशी सोयी कितीतरी जास्त. मेनू किचकट आहे आणि सवय व्हायला दोन-तीन ट्रेक जातात. मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, तेवढे आपल्याला पुरतात. गूगल प्लेवरून घेतलं तर कॉन्टूर रेषांसाठी, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांसाठी, पैसे मोजावे लागतात. ते मोजावेत, मात्र या रेषा कशा बनतात हे समजून. जमिनीची उंची अवकाशातून रडारने मोजलेली असते आणि त्या मोजणीचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो. आपला बेसॉल्ट खडक थरावर थर रचल्यासारखा आहे. दोन थरांमधली १५ मीटरची सरळ भिंत त्या चौकोनात विरघळून जाते आणि नकाशावर नुसता तीव्र चढ उरतो. म्हणून रेषांचा गठ्ठा झालेल्या जागी ‘इथून थेट उतरता येईल’ असा हिशेब कधीही करू नका. अवघड घाटवाटेला जाणार असाल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पीडीएफमध्ये घेऊन ठेवा. त्यात कॉन्टूर २० मीटरला एक आहे आणि कड्यांना वेगळी खूण असते.

उंचीच्या आकड्याचाही एक घोळ आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. तिथे उभं राहून एखादं अ‍ॅप १५८०च्या आसपास दाखवतं. फोन बिघडलेला नसतो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. महाराष्ट्रात या दोन्हींत सुमारे ६० ते ७० मीटरचा फरक पडतो आणि आकडा नेहमी कमीच येतो. ओएसएमअँडच्या नकाशे उतरवायच्या यादीत, जगाच्या नकाशांखाली ‘वर्ल्ड अल्टिट्यूड करेक्शन’ नावाची छोटी फाइल आहे. ती उतरवली की फरक निघून जातो. खिंड अजून किती वर आहे, हे उंचीवरून ओळखणाऱ्यांनी हे आधी करावं.

चाललेली वाट नोंदवायला ओएसएमअँडमधलं ‘ट्रिप रेकॉर्डिंग’ प्लगिन (जोडसोय) सुरू करा. दर ५ सेकंदांनी एक नोंद पुरेशी आहे. आठ तासांत ५,७६० बिंदू होतात. किमान सरकण्याचं अंतर ५ मीटर ठेवा, नाहीतर जेवायला बसलेल्या जागी सुतळीचा गुंता झाल्यासारखा ट्रॅक दिसतो. नोंद मध्येच तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण अ‍ॅप नसून फोनची बॅटरी-बचत आहे. स्क्रीन बंद झाली की फोन मागे चालणारं अ‍ॅप मारून टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची बंधनं काढा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा आणि घराभोवती स्क्रीन बंद ठेवून अर्धा तास फिरून तपासा.

पायथ्याशी विमान मोड लावण्याआधी उघड्या आभाळाखाली दोन मिनिटं थांबून निळा ठिपका स्थिर होऊ द्या. नेटच्या मदतीने उपग्रह पटकन सापडतात. रानात नेट नसताना पहिल्यापासून सुरुवात केली तर बराच वेळ जातो.

दुसऱ्याचा ट्रॅक, म्हणजे त्याने नोंदवलेली वाट, घ्यायचा तर विकिलॉक बघावं, सह्याद्रीतल्या वाटा तिथे भरपूर आहेत. वाटेवरून दिशा दाखवत नेण्याची सोय पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. ट्रॅक निवडताना आधी महिना बघा. फेब्रुवारीत कोरड्या ओढ्यातून गेलेली रेषा जुलैत पाण्याखाली असते. मग दिशा बघा, कारण उतरताना काढलेला ट्रॅक चढायला सोपा वाटतोच असं नाही. आणि दोन बिंदूंमध्ये फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ रेषा दिसली तर तिथे सिग्नल गेला होता, वाट तशी नाही. नाळेत किंवा कड्याच्या पोटात उपग्रहांचे सिग्नल कातळावर आपटून येतात, म्हणून ठिपका पन्नास-पन्नास मीटर उड्या मारतो. तिथे दगडांवरचे बाण आणि मळलेली माती यांवरच विसंबा.

ऑलट्रेल्स हेही वाटांचंच अ‍ॅप, पण सह्याद्रीसाठी त्याला पैसे भरू नयेत. नकाशा फोनवर उतरवायची सोय पैशांची आहे आणि इथल्या वाटा तिथे कमी.

पीकफाइंडर एकदाच पैसे देऊन घ्यावं असं आहे. कळसूबाईवरून समोर अलंग, मदन, कुलंग आणि रतनगड ओळखायला ते रेंजशिवाय चालतं. फोनच्या कव्हरमध्ये चुंबक असेल तर होकायंत्र बहकतं आणि शिखरांची नावं सरकतात. कव्हर काढा, एक ओळखीचं शिखर धरून चित्र हाताने जुळवा.

हवामानासाठी विंडी पाहत असाल तर त्यातल्या युरोपीय प्रारूपाचा (अंदाज काढणाऱ्या संगणकी गणिताचा) चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा आहे, हे लक्षात ठेवा. तेवढ्यात कोकणतळ, घाटमाथा आणि देश यांचा पाऊस एकत्र होऊन जातो. घाटमाथ्याचा आकडा म्हणून तो कमीच धरा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप फोनमध्ये असायलाच हवं. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा ते देतं. त्याला नेट लागतं, म्हणून गावातून निघताना बघा आणि ढग दाटले असतील तर लोखंडी शिड्यांच्या, रेलिंगच्या वाटेला दुपारनंतर जाऊ नका.

१०,००० एमएएचची पॉवर बँक फोनला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच देते. पावसात फोन पारदर्शक झिप-पिशवीत ठेवा. ओल्या काचेवर नकाशा आपोआप सरकतो, म्हणून वाट उघडून स्क्रीन लॉक करायची सवय लावा.

अपघात झालाच तर ११२ लावा. फोन लागत नसेल तर उंचवट्यावर जाऊन एसएमएस पाठवा. कमकुवत रेंजमध्येही तो निघून जातो. मजकुरात किती माणसं, काय इजा, बॅटरी किती उरली आणि ठिकाणाचे आकडे (अक्षांश-रेखांश) लिहा. आकडे दशांशात, बिंदूनंतर निदान चार स्थळं: शेवटच्या अंकाचा फरक मग साधारण ११ मीटरचा राहतो. अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ करू नका. १९.३९ आणि १९ अंश ३९ मिनिटं दिसायला सारखे आहेत, पण त्यांच्यात जमिनीवर सुमारे २९ किलोमीटरचं अंतर आहे आणि शोधपथक तेवढं लांब जाऊन तुम्हाला हाका मारत बसेल.