मायनस 20 ची डाऊन स्लीपिंग बॅग घेताय? आधी हे वाचा

दिवाळी आटोपली की पुण्यात जानेवारीच्या चादर ट्रेकची, म्हणजे लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कर नदीवरून चालायच्या ट्रेकची, खरेदी सुरू होते. जे कोणी पहिल्यांदाच डाऊनची (बदक-हंसांच्या मऊ लवेचा भराव असलेली) महागडी स्लीपिंग बॅग घ्यायला निघालेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गेल्या हिवाळ्यात मायनस 20 ची म्हणून जी बॅग माझ्या गळ्यात मारली गेली, तिच्यात डाऊन जवळपास नव्हतंच. सिंहगडावर किंवा राजमाचीला ही लबाडी कधी लक्षातही आली नसती, तिथे डिसेंबरातही साधी बॅग चालून जाते. झंस्कर नदीच्या काठी रात्री पारा मायनस 20 च्याही खाली जातो. तिथे असला माल देणं म्हणजे समोरच्याच्या जिवाशी खेळणं आहे, आणि म्हणूनच मला याचा एवढा संताप आहे.

दुकान मध्यवर्ती पुण्यातलं, ट्रेकिंगच्या सामानाचं. मालकांनी एक बॅग आधीच उघडून टेबलावर पसरून ठेवली होती. छान फुगलेली, हलकी. हात दाबला की आत बुडायचा आणि काढला की जागा सावकाश भरून यायची. आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर तापमानाचे तीन आकडे आणि 800 फिल पॉवर (डाऊन किती फुलतं त्याचं माप) असं छापलेलं होतं. मी त्या पट्टीचा फोटो काढून घेतला. "ताई, हा डिस्प्लेचा पीस आहे, लोकांनी हाताळलाय. तुम्हाला गोडाऊनमधला कोरा सीलबंद देतो. सेम टू सेम." एक्स्पोर्टचा उरलेला माल आहे म्हणून अठराचे साडेचौदा हजार करतो, असंही म्हणाले. बिलावर लिहिलं फक्त 'स्लीपिंग बॅग, 1 नग'.

फसवणूक नेमकी इथेच झाली. दाखवलेली बॅग खरी होती. पिशवीत कोंबून जी हातात दिली ती वेगळी होती. बाहेरच्या पिशवीवर 'डाऊन, मायनस 20' असा मोठा स्टिकर, पण आत शिवलेली पट्टीच नाही.

ट्रेकमधल्या पहिल्याच मुक्कामात रात्री पाठ आणि गुडघे गार पडायला लागले. अंगात थर्मल, फ्लीस, जॅकेट, पायात दोन मोजे, तरी शिलाईच्या प्रत्येक रेषेवर थंडीची धार जाणवत होती. आमच्या लडाखी गाइडला दात वाजल्याचा आवाज गेला असावा. त्याने मला बाहेर काढलं, हेडटॉर्च बॅगच्या आत धरला आणि मला बाहेरून बघायला सांगितलं. शिलाईच्या रेषांमधून उजेड सरळ बाहेर येत होता. काही कप्पे तर वरच्या बाजूला चक्क रिकामे होते, सगळा भराव खाली एका कोपऱ्यात गोळा झालेला. त्याने त्यांच्याकडची एक जुनी जाड बॅग वरून घातली, म्हणून पुढच्या रात्री निभावल्या. ही टॉर्चची परीक्षा दुकानातसुद्धा करता येते. मोबाईलचा दिवा पुरतो.

पुण्यात परत आल्यावर दोन मित्रांना बोलावलं, व्हिडिओ सुरू ठेवला, पंखा बंद केला आणि पायाकडच्या एकाच कप्प्याची शिलाई उसवली. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरचा, पिसांखालचा मऊ थर. त्याला मधली ताठ दांडी नसते. रुईच्या फळातून उडणाऱ्या म्हातारीसारखा तो चहूबाजूंनी फुलतो, आणि त्या तंतूंमध्ये जी हवा अडकते तीच ऊब देते. चांगल्या बॅगेतही थोडी पिसं असतातच, 90/10 म्हणजे नव्वद टक्के डाऊन आणि दहा टक्के पिसं. माझ्या कप्प्यातून निघाली ती बारीक तुकडे केलेली, दांडीसकट मोठी पिसं, राखाडी भुकटी आणि पांढरा तंतूंचा कापूस. चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेलं. पिसं केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळली. तो 'कापूस' मात्र आक्रसला, वितळला आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी झाला. पॉलिस्टर.

800 फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण 28 ग्रॅम डाऊनने 800 घन इंच जागा व्यापायची. हे जवळपास 13 लिटर होतात, म्हणजे आपली आंघोळीची बादली बऱ्यापैकी भरायला हवी. प्रयोगशाळेत याची पद्धत काटेकोर असते, घरी तसं जमणार नाही. पण त्या कप्प्यातलं 28 ग्रॅम बादलीत सोडलं तेव्हा तळाशी थर बसला, तेवढाच.

आता मायनस 20 या आकड्याबद्दल, कारण खरा माल विकणारेही इथे गोंधळ घालतात. युरोपात 2002 पासून ईएन 13537 आणि पुढे आयएसओ 23537 हे मानक आहे. त्यात गरम केलेला पुतळा बॅगेत ठेवून मोजमाप होतं आणि तीन तापमानं निघतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री आरामात झोपू शकेल ते. लिमिट म्हणजे पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचण्याची हद्द, हायपोथर्मियाचा, म्हणजे अंग जिवावर बेतेल इतकं गार पडण्याचा, धोका धरूनच. कम्फर्ट आणि एक्स्ट्रीममध्ये वीस अंशांचा फरक सहज असतो. ज्या बॅगेचा एक्स्ट्रीम मायनस 20, तिचा कम्फर्ट शून्याच्या आसपास निघतो. स्टिकरवर नुसतं 'मायनस 20' असेल तर तो बहुधा हाच शेवटचा आकडा असतो. विक्रेत्याला तोंडावर विचारा, कम्फर्ट किती? आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. अतिथंड प्रदेशातल्या मोहिमांच्या बॅगा या मानकाच्या कक्षेतच येत नाहीत. तिथे कंपनीचा स्वतःचा दावा असतो, म्हणून नाव असलेली कंपनी आणि तिथे खरंच राहून आलेल्या माणसाचं मत, या दोन्हींना वजन आहे.

दुकानात बॅग पिशवीतून काढून किमान अर्धा तास मोकळी सोडायला लावा, आणि तीच बॅग घरी न्या, दुसरी नाही. चिमटीत कापड धरून चोळा. टोचणाऱ्या दांड्या बऱ्याच लागल्या तर तो पिसांचा माल. शिलाई वरच्या कापडापासून थेट खालच्या कापडापर्यंत गेलेली असेल तर त्या रेषेवर भरावच नसतो. कडक थंडीच्या बॅगेत मध्ये उभ्या पट्ट्या लावून पेटीसारखे कप्पे केलेले असतात. चेनच्या मागे भरलेली नळी हवी, मानेशी कॉलर हवी. फिल पॉवरइतकंच आत किती ग्रॅम डाऊन भरलंय हेही विचारा, 800 चं डाऊन मूठभर घातलं तर काय उपयोग? आणि खाली मॅट चांगली घ्या, कारण अंगाखालचं डाऊन दबून सपाट होतं आणि बर्फाची थंडी अडवायचं काम मॅटच करते. एकदाच जायचं असेल तर लेहमध्ये किंवा ट्रेक नेणाऱ्या संस्थेकडून भाड्याने घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दुकानदाराने अपेक्षेप्रमाणे हात झटकले. "तुम्ही धुतली असेल," आणि "वापरलेला माल परत घेत नाही." मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा अर्धे पैसे देतो असा फोन आला. मी नाही म्हटलं, कारण तोच माल पुढच्या माणसाला विकला जाणार होता. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून बाकीचे कप्पे मी जसेच्या तसे ठेवलेत. दुकानातल्या पट्टीचा फोटो आणि माझी बिनपट्टीची बॅग, हा माझा मुख्य पुरावा आहे.

तुमच्याकडेही अशी बॅग आली असेल तर ती धुऊ नका, सगळी उसवू नका, स्टिकर लावलेली बाहेरची पिशवी फेकू नका. आणि नवीन घेत असाल तर बिलावर 'डाऊन, फिल पॉवर अमुक, कम्फर्ट अमुक' एवढं लिहून मागा. लिहून द्यायला जो कां कूं करेल त्याच्याकडून घेऊ नका.