‘पर्शिया’ आगबोटीवरील प्रवाशाचा माग आणि ‘ट्रोव्ह’ : दोन महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

‘ट्रोव्ह’ हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संकेतस्थळ आहे. ते विनामूल्य असून वाचण्यासाठी नावनोंदणी लागत नाही, आणि मुख्यतः १९५४पर्यंतची असंख्य वर्तमानपत्रे तेथे शब्द घालून शोधता येतात. युद्धकाळात बुडालेल्या बोटीवरील एखाद्या प्रवाशाचे आयुष्य शोधायला त्याचा कितपत उपयोग होतो, हे मी ‘पर्शिया’ या आगबोटीच्या निमित्ताने पाहिले.

पी अँड ओ कंपनीची ही बोट लंडनहून मुंबईला निघाली होती. ३० डिसेंबर १९१५ रोजी दुपारी, प्रवासी जेवायला बसलेले असताना, क्रीट बेटाच्या दक्षिणेस यू-३८ या जर्मन पाणबुडीने कोणतीही सूचना न देता टॉर्पेडो सोडला आणि काही मिनिटांतच बोट बुडाली. ५१९ जणांपैकी ३४३ जण गेले. त्यांत एलिनॉर थॉर्नटन होत्या. त्या याच बोटीने प्रवास करणाऱ्या लॉर्ड माँटेग्यू या ब्रिटिश उमरावांच्या सचिव होत्या, आणि रोल्स-रॉइस मोटारीच्या पुढच्या टोकावर दिसणारी चार्ल्स साइक्स यांची मूर्ती त्यांच्यावरून घडवली, असे मानले जाते.

पहिली अडचण बोटीच्या नावाचीच आहे. ‘पर्शिया’ हे इराणचेही तेव्हाचे इंग्रजी नाव, त्यामुळे एवढाच शब्द घातला, तर त्या काळात इराणमध्ये चाललेल्या लष्करी हालचालींच्या बातम्यांचा ढीग समोर येतो. ‘टॉर्पेडो’ किंवा कंपनीचे नाव जोडले आणि जानेवारी १९१६ हा महिना निवडला, की मगच शोध आटोक्यात येतो. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. छापील पानावरचा मजकूर यंत्राने वाचलेला असल्यामुळे इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे शेजारी आली की त्यांचा सहज ‘एम’ होतो, म्हणून थॉर्नटन बाईंना ‘थॉमटन’ असेही शोधावे लागते. शिवाय त्या काळच्या याद्यांत स्त्रियांचा उल्लेख बहुधा ‘मिस’ आणि आडनाव एवढाच असे, त्यामुळे पूर्ण नावाचा आग्रह धरणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

मला या सेवेतील सर्वांत मोलाची सोय वाटते ती बातम्या तारखेच्या क्रमाने, जुनीपासून लावण्याची. बोट बुडाल्याच्या पहिल्या तारांवर विसंबणे धोक्याचे असते. लॉर्ड माँटेग्यू गेले असे समजून त्यांचे मृत्युलेख छापले गेले होते. प्रत्यक्षात ते फुटक्या होडीला धरून तग धरलेल्यांपैकी होते आणि नंतर सुखरूप परतले. एकच कात्रण हाती आलेला माणूस त्यांना कायमचे मृत मानून मोकळा होईल. म्हणून एका प्रवाशासाठी निदान तीन-चार आठवड्यांचे अंक ओळीने वाचावेत, असा माझा आग्रह आहे, आणि ते काम येथे विनासायास होते. मूळ पानाचे चित्र शेजारीच दिसते, चुकलेला मजकूर वाचकाला स्वतः दुरुस्त करता येतो आणि खाते उघडल्यास कात्रणांची यादीही जपून ठेवता येते. मी जुळवलेली प्रत्येक ओळ दुरुस्त करून ठेवली. पुढच्या शोधकाला ती लगेच सापडेल, याचे मला मनापासून समाधान आहे. मोबाइलवर मात्र मोठ्या पानांचे बारीक अक्षर वाचणे कष्टाचे आहे, संगणकच वापरावा.

मर्यादाही स्पष्ट आहे. या वर्तमानपत्रांना सरदार, अधिकारी आणि पहिल्या वर्गाचे प्रवासी दिसतात. भारतीय खलाशी बहुतेक वेळा केवळ आकड्यात मोजले जातात. त्यांच्यासाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची विनामूल्य नामसूची उघडावी. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धातील स्मारक आहे, आणि समुद्राखेरीज दुसरी समाधी नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नोंद त्या स्मारकाखाली या सूचीत मिळते. प्रवाशासाठी ‘ट्रोव्ह’ आणि खलाशासाठी ही सूची, अशी जोडी धरूनच मी आता पुढचे काम करतो आहे.