एबीसी मार्गदर्शक सूचना : ‘लिव्हरला गेलंय’ म्हटल्यावर उपयोगी पडणारा दस्तऐवज

शरीरात पसरलेल्या, ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणाऱ्या) आणि एचईआर२ या प्रथिनाच्या बाबतीत निगेटिव्ह असलेल्या स्तनाच्या कर्करोगावर आधी किमो द्यावी की गोळ्या, हा प्रश्न घरात उभा राहिला तेव्हा मी एबीसी (अ‍ॅडव्हान्स्ड ब्रेस्ट कॅन्सर) या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाच्या मार्गदर्शक सूचनांची पाचवी आवृत्ती वाचली. लिस्बन येथे नोव्हेंबर २०१९ मध्ये झालेल्या परिषदेतून ती तयार झाली आणि २०२० साली प्रसिद्ध झाली.

प्रत्येक विधानापुढे पुराव्याचा दर्जा आणि ते मान्य करणाऱ्या सदस्यांची टक्केवारी दिलेली असल्यामुळे, एकमत कुठे आहे आणि नुसता बहुमताचा कौल कुठे आहे, हे वाचकापासून लपत नाही. या मंडळात रुग्णांचे प्रतिनिधीही बसतात, ही बाब मला विशेष वाटली.

‘लिव्हरला गेलंय’ हे शब्द कानी पडताच आपल्याकडे नातेवाईक जोराची किमो मागू लागतात. सूचना सांगतात की आजार यकृतात किंवा फुप्फुसात दिसला, एवढ्यावरून तातडीची अवस्था ठरत नाही; त्या अवयवाचे काम गंभीररीत्या बिघडले असेल आणि आजार झपाट्याने वाढत असेल, उदाहरणार्थ पित्तमार्गात अडथळा नसताना बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे रक्तातील द्रव्य) वेगाने चढत असेल, तरच ती अवस्था मानायची. एरवी पहिली पसंती हार्मोन-उपचारालाच, म्हणजे लेट्रोझोलसारख्या इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळीसोबत पॅल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा अबेमासिक्लिब या कर्कपेशींची वाढ रोखणाऱ्या गोळ्यांपैकी एकीला. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या बाबतीत अंडाशयाचे कामही थांबवावे लागते. हा एक परिच्छेद समजला तरी वाचनाचे श्रम वसूल होतात.

‘मूळ गाठ काढून टाका’ या आग्रहालाही येथे उत्तर आहे, आणि त्यामागील पुराव्यात मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील, ३५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा वाटा आहे : निदानाच्या वेळीच आजार पसरलेला असताना मूळ गाठ काढल्याने एकूण आयुष्य वाढल्याचे त्यात दिसले नाही.

उणीव जाणवते ती पैशांच्या प्रश्नावर. पॅल्बोसिक्लिबचे भारतातील पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले, जेनेरिक गोळ्या आल्या आणि भाव बराच उतरला. मात्र लेट्रोझोलसोबतच्या मुख्य चाचणीत पॅल्बोसिक्लिबने आजाराची वाढ लांबणीवर टाकली तरी आयुष्य निश्चितपणे वाढल्याचे सिद्ध झाले नाही, तर रायबोसिक्लिबच्या तशाच चाचणीत मध्यक आयुष्यमान (निम्म्या स्त्रिया ज्याहून अधिक जगल्या तो काळ) नुसत्या लेट्रोझोलवरील ५१.४ महिन्यांवरून ६३.९ महिन्यांवर गेले. ही आयुष्यमानाची आकडेवारी पाचव्या आवृत्तीनंतरची आहे, त्यामुळे सहावी व सातवी आवृत्ती एकत्र देणारा २०२४ चा लेखही सोबत वाचावा. तरीही स्वस्त गोळी आणि अधिक भक्कम पुरावा यांतून निवड करताना आपल्यासारख्या कुटुंबाला डॉक्टरांशीच बसून हिशेब मांडावा लागतो.

भाषा डॉक्टरांसाठी आहे आणि तक्ते दाट आहेत, म्हणून पाचपैकी चार गुण. बायोप्सीचा रिपोर्ट शेजारी ठेवून वाचल्यास निम्मी अडचण दूर होते.