वायर उपटली तरी बल्ब जळत राहिले

सांगोल्याकडे आमची दोन एकर डाळिंब आहे. शेतीची लाईट आठ तास, त्यातही आठवड्याआड रात्रपाळी. अंधारात मोटर चालू करायला बांधावरून जायची भीती वाटते. गेल्या पावसाळ्यात स्टार्टरच्या पेटीखाली घोणस होती. म्हणून 'ना डिझेल, ना लाईट' म्हणणारा माणूस दारात आला, तेव्हा मी त्याला बसवून घेतलं.

यंत्र असं होतं: एक एचपीची मोटर, तिच्या पट्ट्यावर फिरणारं क्विंटलभराचं लोखंडी चाक आणि चाकाला जोडलेला अल्टरनेटर. मोटर लाईटीवर सुरू करायची आणि चाकानं वेग धरला की वायर काढायची. मग अल्टरनेटरच मोटरला वीज देतो आणि वर तीन एचपीचा पंपही ओढतो, असं त्याचं म्हणणं. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं वायर उपटली. शंभराचे पाच बल्ब वीस मिनिटं जळत होते. मी दीड लाख रोख मोजले, पावतीसुद्धा घेतली नाही.

मळ्यात पंप जोडला आणि चाक घरघरत थांबलं. फोन बंद.

भाचा वीजतंत्री आहे. त्यानं ओट्यावर खडूनं हिशेब मांडला. दोन फुटी, शंभर किलोचं चाक मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर त्यात साधारण ५५ हजार ज्यूल ऊर्जा असते. बिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वीस मीटर खोल विहिरीतून चाकातल्या ५५ हजार ज्यूलमध्ये जेमतेम २८० लिटर पाणी वर येईल, तेही काहीच वाया गेलं नाही तर. आणि चाकातली ती ऊर्जाही लाईटीतून आपणच भरलेली! अल्टरनेटरवर भार टाकला की तो चाकाला मागे ओढतो. मोटर तापते, पट्टा घासतो, बेअरिंग गरम होतं. ती सगळी वीजच उष्णता होऊन जात असते. मोटरला परत मिळेल ती वीज तिनं घेतलेल्यापेक्षा कमीच.

मग त्यानं ग्राइंडरनं तळाची पत्र्याची पेटी कापली. आत दोन बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर. बल्ब त्यावर जळत होते, चाक नुसतं फिरत होतं.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं असली आपोआप चालणारी यंत्रं तपासायचंच १७७५ मध्ये बंद केलं, हेही भाच्याकडूनच कळलं. मला आजही राग येतो तो पैशांपेक्षा या गोष्टीचा, की रात्रीच्या पाण्याला कंटाळलेला शेतकरी हेरूनच हे लोक येतात.

तुमच्या दारात असं यंत्र आलं तर बल्बांवर जाऊ नका. स्वतःचा पंप जोडून सलग तीन तास चालवायला सांगा आणि त्याआधी खालची पेटी उघडायला लावा. माझ्याकडच्या पेटीला चारही बाजूंनी वेल्डिंग होतं.