चरबी-स्नायू दाखवणारा वजनकाटा: घ्यावा का, आणि कशासाठी?

काचेचा पाट, त्यावर धातूच्या पट्ट्या, आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दहा-बारा आकडे: वजन, चरबी, स्नायू, पाणी, हाडं, 'शरीराचं वय'. वजन उतरवायचंय पण अंगावर स्नायू चढवायचे नाहीत, अशी मंडळी हा काटा हौसेने घेतात. स्नायू वाढले तर लगेच कळेल, हा हिशोब. नेमकं तेच काम या काट्याला धड जमत नाही.

आधी त्याला जे जमतं ते. वजन तो चोख सांगतो, पण टणक, सपाट फरशीवर. गालिच्यावर ठेवला तर त्याचे पाय रुततात, तळ टेकतो आणि आकडा चुकतो. जागा बदलली की एकदा पायाने दाबून 0.0 येऊ द्यावं, मगच चढावं. काही काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि फरक किरकोळ असला तर तोच पुन्हा दाखवतात, त्यामुळे ते उगाच अचूक भासतात. याची पारख सोपी आहे. वजन करा, उतरा, पाव लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन पुन्हा चढा. आकडा जागचा हलला नाही तर समजून जा. मध्ये एकदा जड पिशवी घेऊन चढलं की बहुधा ती आठवण पुसली जाते.

चरबीचा आकडा मात्र मोजलेला नसतो, सूत्रातून काढलेला असतो. एका तळपायातून दुसऱ्याकडे अगदी सौम्य वीजप्रवाह जातो, साधारण 50 किलोहर्ट्झचा आणि एक मिलिअँपियरहून कमी. पाणी धरणाऱ्या ऊतींतून तो सहज वाहतो, चरबी त्याला अडवते. हा अडथळा आणि तुम्ही भरलेली उंची, वय, लिंग यांवरून अ‍ॅप टक्केवारी काढतं. प्रवाह एका पायातून चढून ओटीपोटापाशी वळतो आणि दुसऱ्या पायातून उतरतो, त्यामुळे पोट, छाती आणि हात यांचा निव्वळ अंदाज असतो. टाचा कोरड्या, भेगाळलेल्या असतील किंवा अंगात पाणी कमी असेल तर चरबी जास्त दिसते. गरम पाण्याने आंघोळ करून लगेच चढलं तर कमी. सेटिंगमध्ये 'खेळाडू' निवडलं तर त्याच शरीराची चरबी काही टक्क्यांनी उतरते, कारण सूत्रच बदलतं. चरबी घटवण्याची ही सर्वांत सोपी पद्धत!

ही चूक किती महाग पडते ते पाहा. 70 किलो वजन आणि 30 टक्के चरबी म्हणजे 21 किलो. काटा तीनच टक्क्यांनी चुकला तरी 2.1 किलोचा घोळ. आठवड्याला अर्धा किलो उतरवणाऱ्याची महिनाभराची मेहनत त्यात बुडते किंवा फुकट पदरात पडते.

आता 'स्नायू'. बऱ्याच अ‍ॅपमध्ये या रकान्यात चरबी आणि हाडं वगळून उरलेलं सगळं येतं, म्हणजे यकृत, आतडी, रक्त आणि पाणीसुद्धा. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे 73 टक्के पाणीच असतं. स्नायूंत साठणाऱ्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे शरीराने साठवलेली साखर) साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. व्यायाम नव्याने सुरू केला की हा साठा वाढतो, दुखऱ्या स्नायूंत सूजही येते, आणि आठवड्यात 'स्नायू एक किलो वाढले' असं झळकतं. ते पाणी असतं. याच आकड्याला घाबरून व्यायाम सोडणारे कमी नाहीत. उलट, पिष्टमय पदार्थ एकदम तोडले तर 400 ग्रॅम ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी मिळून दीड किलोच्या आसपास उतरतं, आणि अ‍ॅप म्हणतं स्नायू झिजले.

खरे स्नायू इतक्या झटपट चढत नाहीत. त्यासाठी महिनोन्‌महिने व्यायामात उचलायची वजनं वाढवत न्यावी लागतात आणि खाणंही भरपूर लागतं. रोज 500 कॅलरी कमी खाणाऱ्याने चालणं, सायकल, पोहणं आणि आठवड्यातून दोनदा हलका, न वाढवलेला ताकदीचा व्यायाम केला तर अंग फुगण्याची भीती जवळपास नाही. चिंता करायचीच तर उलट बाजूची करावी. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून वजनाच्या दर किलोमागे 1.2 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं ठेवावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

हाडांचा आकडा आणि 'शरीराचं वय' पाहूच नका, तेही सूत्रातलेच.

काटा वापरायचा तर सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, अनवाणी, पाय पुसून. सात दिवसांची सरासरी काढून मागच्या सात दिवसांशी ताडावी. पाळीच्या आसपास शरीर पाणी धरतं, तेव्हा बायकांनी महिन्याची तुलना महिन्याशी करावी. जोडीला कमरेचा घेर मोजायला मापनपट्टी हवीच: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पोट न ओढता. वजन अडलंय पण घेर कमी होतोय, तर काम चाललंय.

पेसमेकर बसवलेल्यांनी या काट्यावर चढू नये. गरोदरपणीही चरबी मोजण्याच्या फंदात पडू नये.

वजनाची नोंद आपोआप फोनमध्ये जाते आणि आलेख दिसतो, ही सोय खरोखर कामाची आहे. तेवढ्यासाठी घ्यायचा तर घ्या. घरात साधा, चांगला काटा आणि एक वही असेल तर यात नवीन काही मिळणार नाही.