जनरल त्सो, ऑरेंज, सेसमी की स्वीट अँड सावर: घरी कुठलं चिकन करायचं

अमेरिकेतल्या कुठल्याही चायनीज टेकआउटचा मेन्यू उघडा, कुरकुरीत चिकनचे हे चार प्रकार त्यात जवळपास नक्की सापडतात. घरी करायचं ठरलं की बहुतेक जण आधी सॉसची रेसिपी शोधायला बसतात. माझ्या मते सॉस नंतर बघा, आधी एवढंच ठरवा की चिकन कढईतून निघाल्यापासून कुणाच्या तोंडात जाईपर्यंत किती वेळ जाणार आहे. घरची चार माणसं टेबलाशी बसलेली असतील तर एक प्रकार जमतो आणि डबा घेऊन कुणाच्या घरी पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) पाऊण तास गाडी चालवत जायचं असेल तर दुसराच. चवीचा प्रश्न सोपा आहे, चारही गोड-आंबट आहेत, कमी-जास्त एवढंच.

आधी तळणीबद्दल, कारण जनरल त्सो, ऑरेंज आणि सेसमी या तिघांचं तळलेलं चिकन साधारण एकच असतं, फरक सॉसमध्ये. अर्धा किलो बोनलेस लेग घ्या (अमेरिकेत थाय म्हणून मिळतं), इंचभराचे तुकडे, त्याला एका अंड्याचा पांढरा भाग, एक टेबलस्पून लाइट सोया सॉस, दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, मिरपूड आणि चिमूटभर मीठ लावून अर्धा तास ठेवा. दुसऱ्या भांड्यात पाऊण कप कॉर्नफ्लोअर, पाव कप मैदा, अर्धा टीस्पून बेकिंग पावडर आणि थोडं मीठ. आता या कोरड्या पिठात मॅरिनेशनचं दोन-तीन चमचे पाणी शिंपडून बोटांनी चोळा म्हणजे त्यात बारीक बारीक गोळ्या होतात, त्या चिकनला चिकटतात आणि तळल्यावर जो खडबडीतपणा येतो ना, टेकआउटच्या चिकनवर असतो तसा, तो इथूनच येतो. प्रत्येक तुकडा पिठात दाबून दाबून घोळवायचा, नुसता बुडवून काढायचा नाही.

कॉर्नफ्लोअर जास्त आणि मैदा कमी का, तर मैद्यात ग्लुटेन असतं, नुसत्या मैद्याचं कवच पावासारखं होतं आणि सॉस लागला की लगेच ओलं. कॉर्नफ्लोअर म्हणजे निव्वळ स्टार्च, त्याचं कवच कडक आणि खुसखुशीत होतं. अमेरिकेत दुकानात जाल तेव्हा डब्यावर कॉर्नस्टार्च लिहिलेलं बघूनच घ्या, तिकडे कॉर्नफ्लोअर नावाने मक्याचं पिवळसर पीठ मिळतं आणि त्याने हे काम होत नाही.

तळायचं दोनदा. पहिल्यांदा 175 अंश सेल्सिअसला तीन-चार मिनिटं, फिकट सोनेरी होईपर्यंत, मग जाळीवर काढून पाच मिनिटं थांबायचं, मग तेल 190 पर्यंत नेऊन परत मिनिटभर, फार तर दीड. पहिल्या तळणीत चिकन शिजतं, बाहेर ठेवल्यावर आतली वाफ कवचात येते आणि ते थोडं मऊ पडतं, दुसऱ्या तळणीत तेच पाणी उडून जातं म्हणून कवच कडक राहतं. थर्मामीटर असेल तर मोठ्यातला मोठा तुकडा आत 74 अंश दाखवायला हवा. दोनदा तळायचं म्हणूनच मी लेग सांगते, ब्रेस्ट दुसऱ्या फेरीत कोरडं पडतं. ब्रेस्टच हवं असेल तर तुकडे जरा मोठे ठेवा आणि दुसरी फेरी अर्ध्या मिनिटात आटपा. आणि टिश्यू पेपरवर ढीग घालू नका, खालचे तुकडे स्वतःच्याच वाफेने मऊ होतात, जाळीच हवी.

आता जनरल त्सो. चौघांतलं माझं सगळ्यात आवडतं हेच, आणि घरी पहिल्यांदा करणाऱ्यालाही मी हेच सुचवते. याच्यामागची गोष्ट पण छान आहे. पेंग चांग-क्वेई नावाचे चीनच्या हुनान प्रांतातले शेफ 1949 मध्ये तैवानला गेले, तिथे 1950च्या दशकात त्यांनी हा पदार्थ बसवला आणि 19व्या शतकातल्या हुनानच्या झुओ झोंगतांग या सेनापतीचं नाव त्याला दिलं, जनरल त्सो म्हणजे हेच. त्यांच्या मूळ पदार्थात साखर नव्हती, आंबट, तिखट, खारट असा खास हुनानी प्रकार होता तो. पुढे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये शेफ टी. टी. वांग यांनी तो जास्त कुरकुरीत आणि गोड केला, पेंग स्वतःही 1973 मध्ये न्यूयॉर्कला आले, आणि अमेरिकेत पसरला तो गोडच. पेंग 2016 मध्ये तैपेईत वारले, 98 वर्षांचे होते. हे मुद्दाम सांगतेय कारण घरी करताना आपण या दोन टोकांच्या मधे कुठेही थांबू शकतो, आणि आपल्या जिभेला ते मधलंच ठिकाण जास्त आवडतं असा माझा अनुभव आहे.

सॉस असा: अडीच टेबलस्पून सोया सॉस, दोन टेबलस्पून राइस व्हिनेगर, दोन शाओशिंग वाइन (स्वयंपाकात वापरतात ती तांदळाची चिनी वाइन), तीन चिकन स्टॉक, साडेतीन टेबलस्पून साखर, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, सगळं एका वाटीत कालवून ठेवा. कढईत दोन चमचे तेलावर आठ-दहा सुक्या लाल मिरच्या, बारीक चिरलेलं आलं, लसूण आणि कांद्याच्या पातीचा पांढरा भाग मंद आचेवर परता, करपू देऊ नका, मग वाटीतलं मिश्रण ओता. मिनिटभरात ते चकचकीत आणि दाटसर होतं, शेवटी टीस्पूनभर तिळाचं तेल (भाजलेल्या तिळाचं, चायनीज किंवा कोरियन दुकानातलं, आपलं साधं तिळाचं तेल नाही), गॅस बंद, चिकन आत, दोन-तीनदा उलटंपालटं करून लगेच वाढा. सॉस थोडाच असतो आणि दाट असतो म्हणून जेवण होईपर्यंत कुरकुरीतपणा टिकतो, पण डब्यात भरून न्यायला हे तितकंसं बरं नाही.

ऑरेंज चिकन मुलांचं लाडकं, आणि अमेरिकेत वाढलेल्या मुलांना तर याचीच चव माहीत असते. आज जे रूप सगळीकडे मिळतं ते पांडा एक्सप्रेस या अमेरिकन चायनीज फास्ट फूड साखळीचे शेफ अँडी काओ यांनी 1987 मध्ये हवाईत बसवलं, पण त्याच्या मुळाशी वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा जुना चिनी चिकनचा प्रकार आहे. घरी करताना अडचण रसाची. अर्धा कप रस म्हणजे अर्धा कप पाणीच की, ते आटवून निम्मं केलं नाही तर सॉस पातळ राहतो आणि पाच मिनिटांत सगळं कवच भिजून जातं. म्हणून रस आधी एकटाच आटवायचा, मग त्यात सोया दोन टेबलस्पून, व्हिनेगर दोन, साखर साडेतीन-चार, आलं-लसूण, चिली फ्लेक्स, आणि कॉर्नफ्लोअर फक्त दोन टीस्पून पाण्यात कालवून. संत्र्याचा वास रसात फार कमी असतो, खरा वास सालीत असतो, त्यामुळे एका संत्र्याची साल किसून गॅस बंद केल्यावर घाला. पांढरा भाग किसणीत येऊ देऊ नका, कडू लागतो.

आणि इथे महाराष्ट्रातल्या लोकांचा मोठा फायदा आहे. नागपूरचं संत्रं हे सैल सालीचं मँडरिन आहे, म्हणजे मूळ चिनी पदार्थातल्या संत्र्याच्या बरंच जवळचं, अमेरिकेतल्या जाड सालीच्या नेव्हल ऑरेंजपेक्षा त्याची साल या पदार्थाला जास्त शोभते. आंबिया बहाराची किंवा मृग बहाराची संत्री घरात असतील तर साली फेकू नका, पट्ट्या कापून कडकडीत वाळवून बाटलीत भरा, सॉस करताना मिरच्यांबरोबर तेलात चार पट्ट्या टाकल्या की जो सुगंध येतो तो नुसत्या रसाने येणारच नाही. संत्र्याचा हंगाम असेल आणि माणसं ताटावर बसलेली असतील तर मी बाकी तिघांचा विचारही करणार नाही, सरळ ऑरेंज.

सेसमी चिकन म्हणजे मिरच्या काढलेलं, व्हिनेगर निम्मं केलेलं आणि मध घातलेलं जनरल त्सो असं समजा. साडेतीन टेबलस्पून साखरेऐवजी दोन साखर आणि दोन मध, तिळाचं तेल दोन टीस्पून, स्टॉक तीनऐवजी एकच टेबलस्पून, वरून दोन टेबलस्पून भाजलेले पांढरे तीळ. चवीत हे सगळ्यात साधं आहे, मला एकटीला खायचं असेल तर मी करणार नाही, पण याचा एक गुण फार मोठा आहे. सॉसमध्ये साखर-मध जास्त आणि मोकळं पाणी कमी, त्यामुळे तो पाकासारखा तुकड्यांवर बसतो आणि कवचात लवकर मुरत नाही. अर्धा-पाऊण तासानेही याला कुरकुर असते. वाढदिवसाला दहा-बारा मुलं येणार, कुणी आत्ता खाणार कुणी खेळून आल्यावर, तर डोळे मिटून सेसमी करा. तीळ घातले की मुलांच्या आईवडिलांना ॲलर्जीबद्दल विचारून घ्या मात्र.

स्वीट अँड सावर या तिघांपेक्षा वेगळं. याला सरसरीत पीठ लागतं, आपल्या भज्यांपेक्षा थोडं घट्ट: मैदा आणि कॉर्नफ्लोअर निम्मं निम्मं, टीस्पूनभर बेकिंग पावडर, मीठ आणि बर्फाचं पाणी. तळल्यावर फुगीर गोळे होतात, आणि लाल सॉस टेकआउटमध्ये बहुधा वेगळ्या डबीत देतात. सॉस सोपा आहे, अननसाचा रस, केचप, व्हिनेगर, साखर, कॉर्नफ्लोअर. पीठ जाड असल्यामुळे तेल जास्त पितं आणि चिकन कमी, कवच जास्त असं होतं, म्हणून घरच्या जेवणाला मी हे सुचवत नाही. पण लांब न्यायचं असेल तर सॉस वेगळा राहतो ही सोय दुसऱ्या कशात नाही. डब्याचं झाकण किलकिलं ठेवा, घट्ट लावलंत तर वाफेने सगळं मऊ.

एअर फ्रायरचं बरेच जण विचारतात. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये खोलगट तळण म्हणजे दोन दिवस घरभर वास आणि स्मोक अलार्मची धास्ती, त्यामुळे प्रश्न बरोबरच आहे. खरं सांगायचं तर कुरकुरीतपणा तळणीइतका येत नाही, पण चांगला येतो, अट एकच, कोरडं पीठ कुठेही पांढरं दिसता कामा नये. कॉर्नफ्लोअरला तेल मिळालं नाही तर ते तसंच कच्चं, पिठूळ राहतं. घोळवल्यावर दहा मिनिटं ठेवा म्हणजे पीठ ओलसर होतं, मग सढळ हाताने तेल फवारा, 200 अंशाला बारा ते पंधरा मिनिटं, मधे एकदा उलटून परत फवारा. जनरल त्सो आणि सेसमी असे छान होतात. ऑरेंजचा सॉस पातळ असल्यामुळे एअर फ्रायरचं कवच त्यात टिकत नाही. स्वीट अँड सावरचं तर नावच काढू नका, ओलं पीठ जाळीतून खाली गळतं. ओव्हनमध्ये जाळीवर 220 अंशाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण एअर फ्रायर असेल तर ओव्हनचा खटाटोप कशाला.

पुण्या-मुंबईत करणाऱ्यांना शाओशिंग वाइन सहज मिळत नाही, ती सोडून द्या आणि तेवढा स्टॉक घाला, चव थोडी उणी पडते पण पदार्थ बिघडत नाही. राइस व्हिनेगरऐवजी साधं पांढरं व्हिनेगर चालतं, पाऊणपट घ्या कारण ते जास्त झोंबतं. मिरच्यांना ब्याडगी रंगाला छान, तिखट हवं तर संकेश्वरी. सोया सॉस मात्र लाइट आणा, डार्क सोया तेवढाच घातला तर सगळं काळं होतं आणि गाडीवरच्या चायनीजचा वास यायला लागतो. तो वास वाईट आहे असं मुळीच नाही, मुंबईत शेफ नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये चिकन मंचुरियन केलं तेव्हापासूनची आपली ती वेगळी परंपरा आहे आणि मला ती मनापासून आवडते, पण हिरवी मिरची, डार्क सोया आणि ग्रेव्ही यांचं जग निराळं. ही चव हवी असेल तर दोन्ही एकत्र करू नका.

आपल्याकडे सगळ्यांची तक्रार एकच, फार गोड आहे. साखर कमी करा, पण पाऊणपटीच्या खाली नको, कारण चकाकी आणि चिकटपणा साखरेमुळेच असतो, निम्मी केलीत तर सॉस तुकड्यांवर न बसता ताटाच्या तळाशी जमा होतो. त्यापेक्षा चमचाभर व्हिनेगर आणि चार मिरच्या वाढवा, गोडपणा आपोआप मागे सरतो.

पाहुणे असतील तर पहिली तळणी सकाळी उरकून, चिकन गार करून फ्रीजमध्ये ठेवता येतं. पहिल्या तळणीचे तुकडे ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये घट्ट करा, मग पिशवीत भरा, महिनाभर सहज राहतात. फ्रीजमधले असोत की फ्रीझरमधले, दुसरी तळणी आयत्या वेळी करायची, फ्रोझन असतील तर 175 ला तीन-चार मिनिटं जास्त द्या आणि शेवटी आच वाढवा. सॉस घातलेलं चिकन उरलं तर मायक्रोवेव्ह नको, एअर फ्रायरमध्ये 180 ला चार-पाच मिनिटं ठेवा, सेसमी आणि जनरल त्सो बऱ्यापैकी परत जिवंत होतात, ऑरेंज होत नाही, ते सरळ भातात परतून पातीचा कांदा घालून संपवा.